फोटोशॉप अपडेट झाल्यावर टूल्स, पॅनेल्स आणि जुन्या सवयी पुन्हा जागेवर कशा आणायच्या

फोटोशॉपची मोठी आवृत्ती वर्षातून एकदा येते, बहुतेक वेळा सप्टेंबर-ऑक्टोबरात. आपल्याकडच्या स्टुडिओंसाठी ही वेळ फार अडचणीची असते. नवरात्र-दिवाळीचं काम अंगावर असतं, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते, आणि नेमकं तेव्हाच अपडेटचं बटण दाबलं जातं. दुसऱ्या दिवशी शिफ्ट दाबून फोटो लहान करायला जावं तर माणूस चेपतो, सेव्ह ॲजमध्ये जेपीईजी सापडत नाही, पासपोर्ट फोटोची ॲक्शन (रेकॉर्ड करून ठेवलेल्या पायऱ्या) मधेच थांबते.

यातलं बरंचसं खरं तर कुठेही गेलेलं नसतं. एखादी गोष्ट दिसत नसेल किंवा वेगळी वागत असेल, तर तिच्या बाबतीत तीनपैकी एक काहीतरी झालेलं असतं. ती लपली आहे, तिची वागणूक बदलली आहे किंवा ती काढून टाकली आहे. लपलेली गोष्ट विंडो मेनूतून नाहीतर टूलबारच्या सेटिंगमधून परत येते. वागणूक बदलली असेल तर बहुतेकदा प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे फोटोशॉपच्या सेटिंग्जमध्ये, त्यासाठी एक खूण असते. काढून टाकलेल्या गोष्टीला मात्र पर्याय शोधावा लागतो किंवा जुनी आवृत्ती ठेवावी लागते. आधी हे ठरवा आणि मगच माउस हलवा. ते न ठरवता प्रेफरन्सेस रीसेट करणं हा सर्वांत महागात पडणारा उपाय आहे.

खाली सगळे शॉर्टकट विंडोजचे दिले आहेत. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड आणि ऑल्टच्या जागी ऑप्शन धरा.

अपडेटचं बटण दाबण्याआधी

तुमच्याकडे कोणती आवृत्ती आहे ते हेल्प > सिस्टिम इन्फोमध्ये सगळ्यात वरच्या ओळीत दिसतं. तिथे नाव आणि आकडा वेगवेगळे असतात. फोटोशॉप 2020 म्हणजे आवृत्ती 21, 2021 म्हणजे 22, 2022 म्हणजे 23, 2023 म्हणजे 24, 2024 म्हणजे 25. मदत शोधताना हा आकडा उपयोगी पडतो, कारण पॅनेल कधी बदललं हे त्यावरूनच कळतं.

क्रिएटिव्ह क्लाउडमधून मोठी आवृत्ती घेताना ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडा. तिथे दोन खुणा असतात. जुन्या सेटिंग्ज आणि प्रेफरन्सेस आणण्याची खूण राहू द्या. जुन्या आवृत्त्या काढून टाकण्याची खूण मात्र काढा. ही दुसरी खूण आधीपासून केलेली असते आणि तिच्याकडे लक्ष न गेल्यामुळे अनेकांची चालती आवृत्ती पुसली जाते. दोन आवृत्त्या एकाच संगणकावर गुण्यागोविंदाने राहतात, फक्त डिस्कवर काही जीबी जास्त जागा लागते. 25.1 वरून 25.2 अशा छोट्या अपडेटमध्ये मात्र जुनी फाइलच बदलली जाते. तिथे ही सोय नाही.

मग स्वतःची सामग्री बाहेर काढून ठेवा. ती आपोआप नव्या आवृत्तीत येईल असं सांगितलेलं असतं आणि बऱ्याचदा येतेही, पण भरवसा ठेवू नका.

1. ॲक्शन्स पॅनेलमध्ये ॲक्शनवर नव्हे, तर तिच्या फोल्डरवर, म्हणजे सेटवर क्लिक करा. पॅनेलच्या मेनूत सेव्ह ॲक्शन्स घ्या. आतली एकटी ॲक्शन निवडलेली असेल तर हा पर्याय फिकट दिसतो. लोक इथेच अडतात. फाइल एटीएन या एक्स्टेन्शनने सेव्ह होते.
2. ब्रश, ग्रेडियंट, पॅटर्न, स्टाइल आणि शेप यांच्या पॅनेल मेनूत एक्स्पोर्टचा पर्याय असतो. सगळं एकदम हवं असेल तर एडिट > प्रीसेट्स > एक्स्पोर्ट/इम्पोर्ट प्रीसेट्स.
3. तुमची पॅनेलची मांडणी विंडो > वर्कस्पेस > न्यू वर्कस्पेसमध्ये नाव देऊन सेव्ह करा. त्या खिडकीत कीबोर्ड शॉर्टकट्स, मेनूज आणि टूलबार या तिन्ही खुणा करा. त्या नसतील तर फक्त पॅनेलच्या जागा साठवल्या जातात.
4. विंडोजवर तुमच्या युजर फोल्डरमधल्या ॲपडेटा > रोमिंग > ॲडोबीमध्ये त्या आवृत्तीच्या नावाचं फोल्डर असतं आणि त्यात सेटिंग्जचं फोल्डर. फोटोशॉप बंद करून हे पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा. ॲपडेटा दिसत नसेल तर एक्सप्लोररमध्ये हिडन आयटम्स चालू करा.

प्लगइनचं, म्हणजे बाहेरून बसवलेल्या जोड-प्रोग्रामचं, वेगळं आहे. 8बीएफ प्रकारचे जुने फिल्टर प्रत्येक आवृत्तीच्या स्वतःच्या प्लगइन्स फोल्डरमध्ये बसवलेले असले, तर ते नव्या आवृत्तीत आपोआप जात नाहीत, पुन्हा इन्स्टॉल करावे लागतात. म्हणून इन्स्टॉलर आणि सीरियल नंबर आधी शोधून ठेवा. अल्बम डिझाइनसाठी वापरली जाणारी बरीच जुनी पॅनेल्स आता विंडो > एक्स्टेन्शन्स (लेगसी) इथे सापडतात. नव्या पद्धतीची पॅनेल्स, आवृत्ती 22 पासून, प्लगइन्स या वेगळ्या मेनूत असतात. ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर जुनं पॅनेल उघडतच नसेल तर फोटोशॉपच्या गेट इन्फोमध्ये ओपन युजिंग रोझेटा ही खूण करून बघा.

पॅनेल दिसत नाही

सगळीच पॅनेल्स एकदम गायब झाली असतील तर दोष अपडेटचा नसतो. चुकून टॅब दाबलेला असतो. पुन्हा टॅब दाबा. शिफ्ट-टॅबने उजवीकडची पॅनेल्स जातात आणि टूलबार राहतो. मेनूबारही गेला असेल तर एफ दाबा, कारण एफने स्क्रीन मोड फिरत राहतो.

एखादंच पॅनेल नसेल तर विंडो मेनू उघडून त्याचं नाव निवडा. पॅनेल तरंगत दुसऱ्या मॉनिटरवर गेलं असेल आणि तो मॉनिटर आता जोडलेला नसेल, तर नावापुढे खूण दिसते पण पॅनेल दिसत नाही. अशा वेळी विंडो > वर्कस्पेसमध्ये चालू वर्कस्पेसच्या नावापुढचा रीसेट वापरा. यात फक्त पॅनेलच्या जागा बदलतात. ब्रश, ॲक्शन्स, प्रेफरन्सेस यांना धक्का लागत नाही.

जुन्या लॅपटॉपच्या 1366 × 768 स्क्रीनवर नवी मांडणी फार दाटीची होते. प्रेफरन्सेस (कंट्रोल-के) > वर्कस्पेसमध्ये एनेबल नॅरो ऑप्शन्स बार ही खूण करा आणि लार्ज टॅब्जची काढा. अक्षरं अवाढव्य किंवा अगदी बारीक दिसत असतील तर इंटरफेसमध्ये यूआय स्केलिंग बदला आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा उघडा.

फोटोच्या खाली तरंगणारी पट्टी, म्हणजे कॉन्टेक्स्चुअल टास्क बार, 2023 मध्ये आली. स्किन रीटच करताना ती नेमकी गालावर येऊन बसते. तिच्या तीन टिंबांच्या मेनूत तिला एका जागी पिन करता येतं. पूर्ण काढायची तर विंडो मेनूतून तिची खूण काढा. बारीक रीटच करणाऱ्यांनी ती बंदच ठेवावी. बॅकग्राउंड काढण्याचं काम जास्त असेल तर चालू ठेवा, सिलेक्ट सब्जेक्ट आणि रिमूव्ह बॅकग्राउंड एका क्लिकवर मिळतात.

सुरुवातीला येणारा होम स्क्रीन नको असेल तर प्रेफरन्सेस > जनरलमध्ये ऑटो शो द होम स्क्रीनची खूण काढा. नवीन फाइलची जुनी छोटी खिडकी हवी असेल तर तिथेच लेगसी न्यू डॉक्युमेंट इंटरफेस आहे. ती पटकन उघडते आणि थेट इंच-सेंटिमीटर टाकून काम सुरू करता येतं.

टूल सापडत नाही

टूलबारच्या तळाशी तीन टिंबं असतात, ती धरून ठेवा. जास्तीची टूल्स तिथे साठवलेली असतात. कायमची बाहेर काढायची तर एडिट > टूलबार उघडा. डावीकडे टूलबार, उजवीकडे जास्तीची टूल्स. उजवीकडून ओढून डावीकडे हव्या त्या गटात टाका. याच खिडकीत लपलेल्या टूल्सचे शॉर्टकट बंद करणारं एक छोटं बटण आहे. ते चालू असेल तर टूल लपलेलं असताना त्याचं अक्षर दाबून काहीच होत नाही आणि कीबोर्ड बिघडल्यासारखं वाटतं.

आपल्या कामाला लागत नाहीत ती टूल्स उजवीकडे टाकून द्या. फोटो स्टुडिओला स्लाइस, काउंट, नोट, रूलर यांची रोज गरज नसते. टूलबार आखूड झाला की उरलेली टूल्स डोळ्यांना लवकर सापडतात.

एका गटात नवं टूल आलं की शॉर्टकटचं अक्षर तेच राहतं, पण आधी वेगळंच टूल हातात येतं. जे (J) हे अक्षर दाबल्यावर स्पॉट हीलिंग येण्याची सवय असताना 2023 मध्ये आलेलं रिमूव्ह टूल हातात येतं ते त्यामुळेच. शिफ्ट-जे दाबत गटातली टूल्स फिरवा. एकाच गटात दोन टूल्स सतत लागत असतील तर टूलबारच्या खिडकीत त्यातलं एक वेगळ्या जागी ओढा आणि त्याला स्वतःचं अक्षर द्या.

कुठलीही आज्ञा नाव माहीत असून सापडत नसेल तर कंट्रोल-एफ दाबून शोधा. आवृत्ती 22 पासून इथे डिस्कव्हर पॅनेल उघडतं. जुन्या लोकांना कंट्रोल-एफने शेवटचा फिल्टर पुन्हा लावायची सवय असते. तो शॉर्टकट आता कंट्रोल-ऑल्ट-एफ आहे (मॅकवर मात्र कंट्रोल-कमांड-एफ).

हाताला लागलेल्या सवयी: अनडू आणि ट्रान्सफॉर्म

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण डोक्याला कळलं तरी बोटं ऐकत नाहीत.

सीसी 2019 पासून कंट्रोल-झेड एकामागून एक पायऱ्या मागे जातं. आधी ते शेवटची एकच पायरी चालू-बंद करायचं आणि मागे जाण्यासाठी कंट्रोल-ऑल्ट-झेड लागायचं. आता कंट्रोल-शिफ्ट-झेडने पुढे येता येतं आणि कंट्रोल-ऑल्ट-झेडने शेवटची पायरी चालू-बंद होते. रीटचिंग करणारे बदलाआधीचं आणि नंतरचं बघायला हेच वापरतात, त्यामुळे ते विसरू नका. जुनी पद्धतच हवी असेल तर एडिट > कीबोर्ड शॉर्टकट्समध्ये यूज लेगसी अनडू शॉर्टकट्स ही खूण करून फोटोशॉप पुन्हा सुरू करा. आमचं मत विचाराल तर नवी पद्धत घ्या, जवळपास सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तीच आहे. मागे जाण्याची मर्यादा मुळात 50 पायऱ्यांची असते. ब्रशने भराभर फटकारे मारणाऱ्याला त्या लगेच संपतात. प्रेफरन्सेस > परफॉर्मन्समध्ये हिस्टरी स्टेट्स 100 करा, पण 8 जीबी रॅमवर त्याहून वर जाऊ नका.

कंट्रोल-टी दाबून कोपरा ओढला की फोटो आता आपोआप प्रमाणात लहान-मोठा होतो आणि शिफ्ट दाबलं तर प्रमाण सुटतं. म्हणजे पूर्वीच्या बरोबर उलट. खरी ठेच लागते ती वरच्या ऑप्शन्स बारमधल्या डब्ल्यू आणि एचच्या मधल्या साखळीमुळे. ती साखळी तुम्ही एकदा बंद केलीत की बंदच राहते, आणि पुढच्या वेळी शिफ्ट पुन्हा जुन्यासारखं वागू लागतं. काल एक, आज दुसरंच असं होत असेल तर आधी ती साखळी बघा. जुनी वागणूक हवी असेल तर प्रेफरन्सेस > जनरल > यूज लेगसी फ्री ट्रान्सफॉर्म.

ट्रान्सफॉर्म करताना मधोमध दिसणारं फिरवण्याचं केंद्र आता मुळात लपलेलं असतं. ऑप्शन्स बारच्या डाव्या टोकाला छोट्या चौकटीशेजारी त्याची खूण आहे. कायमचं हवं असेल तर प्रेफरन्सेस > टूल्समध्ये शो रेफरन्स पॉइंट. आणखी एक: क्रॉप, टाइप किंवा ट्रान्सफॉर्म चालू असताना बाहेर क्लिक केलं तर बदल कायम होतो. पूर्वी एंटर दाबावं लागायचं. अर्धवट फिरवलेला फोटो पक्का झाला तर घाबरू नका, कंट्रोल-झेड आहेच.

सेव्ह ॲजमधून जेपीईजी कुठे गेलं

मे 2021 मध्ये, आवृत्ती 22.4 पासून, सेव्ह ॲजच्या यादीत फक्त तेच प्रकार दिसतात ज्यांत फाइलमधलं सगळं टिकतं. फाइलमध्ये लेयर असतील, ती 16 बिट असेल किंवा तिच्यात अल्फा चॅनेल असेल तर जेपीईजी यादीत येत नाही. सपाट, 8 बिट फाइल असेल तर येतं. म्हणून एकाच दिवशी एका फाइलला जेपीईजी दिसतं आणि दुसरीला नाही.

लेयर ठेवून जेपीईजी काढायची तर फाइल > सेव्ह अ कॉपी, म्हणजे कंट्रोल-ऑल्ट-एस. नावाच्या शेवटी कॉपी हा शब्द जोडला जातो. लॅबला फाइल देताना तो नको असतो, आणि 200 फोटोंच्या अल्बममध्ये तो पुसत बसणं कुणालाच परवडत नाही. प्रेफरन्सेस > फाइल हँडलिंगमध्ये दोन खुणा आहेत. एकीने तो शब्द जोडणं बंद होतं आणि दुसरीने, एनेबल लेगसी सेव्ह ॲजने, जुनी पूर्ण यादी परत येते. छपाईचं काम करणाऱ्या दुकानात ही दुसरी खूण चालू करायला हरकत नाही. रोज शेकडो जेपीईजी काढणाऱ्याचा वेळ त्यात खरोखर वाचतो. मात्र लेयरची फाइल चुकून सपाट करून बंद होण्याचा जुना धोकाही त्याबरोबर परत येतो, तेव्हा आधी पीएसडी, म्हणजे लेयरसकट फाइल, सेव्ह करायची शिस्त सोडू नका.

त्याच पानावर डिफॉल्ट फाइल लोकेशन ऑन युअर कॉम्प्युटर असं ठेवा. नाहीतर फाइल क्लाउड डॉक्युमेंट म्हणून पीएसडीसी या प्रकारात जाते आणि डी ड्राइव्हवर शोधून शोधून थकायला होतं. अशी हरवलेली फाइल होम स्क्रीनवरच्या युअर फाइल्समध्ये सापडते.

जुने ब्रश, पॅटर्न, शेप

2020 च्या आवृत्तीत पॅटर्न, ग्रेडियंट, शेप यांना स्वतंत्र पॅनेल्स मिळाली आणि प्रीसेट मॅनेजरमध्ये जवळजवळ फक्त टूल्स आणि कॉन्टूर्स उरले. जुने मूळ संच मात्र आत ठेवलेले आहेत. विंडो > शेप्स उघडा, पॅनेल मेनूत लेगसी शेप्स अँड मोअर घ्या. पॅटर्न, ग्रेडियंट आणि स्टाइल यांच्या पॅनेल मेनूतही असाच लेगसीचा पर्याय आहे, ब्रशसाठी लेगसी ब्रशेस. बॅनर करणाऱ्यांची नेहमीची फुलं, बाण, फ्रेम यातच सापडतात.

ॲडजस्टमेंट्स पॅनेल 2023 मध्ये बदललं. वर रेडीमेड प्रीसेटचे ठोकळे आले आणि लेव्हल्स, कर्व्ह्ज खाली सिंगल ॲडजस्टमेंट्समध्ये गेले. वरच्या भागाच्या नावापुढचा बाण दाबून तो मिटवा. पुढच्या वेळी थेट कर्व्ह्ज समोर येतील.

ग्रेडियंट टूलही तेव्हाच बदललं. आता ओढलं की फोटोवर रंग सांडत नाही, वेगळा ग्रेडियंट फिल लेयर तयार होतो आणि रेघेवरचे गोल सरकवून तो नंतरही बदलता येतो. ही सुधारणा खरोखर चांगली आहे. अडचण येते ती मास्कवर, म्हणजे लेयरचा काही भाग झाकणाऱ्या थरावर. मास्कवर ग्रेडियंट ओढायचा असेल तर लेयर पॅनेलमध्ये मास्कच्या छोट्या चित्राभोवती चौकट आहे याची खात्री करा. फोटोचं चित्र निवडलेलं असेल तर मास्क तसाच राहतो आणि वर नवाच लेयर येऊन बसतो. जुनी पद्धत हवी असेल तर ऑप्शन्स बारमध्ये क्लासिक ग्रेडियंट निवडा.

ॲक्शन मधेच थांबते: पासपोर्ट शीटचं उदाहरण

समजा ॲक्शन अशी आहे: फोटो 35 × 45 मिलिमीटर, 300 पीपीआयला (इंचाला 300 पिक्सेल) कापायचा, म्हणजे 413 × 531 पिक्सेल. बारीक बॉर्डर द्यायची, त्याचा पॅटर्न करायचा, 6 × 4 इंचाची, म्हणजे 1800 × 1200 पिक्सेलची आडवी शीट उघडायची आणि 4 उभ्या रांगा × 2 आडव्या ओळी असे 8 फोटो भरायचे. अपडेटनंतर ती तिसऱ्या-चौथ्या पायरीवर थांबते आणि आज्ञा सध्या उपलब्ध नाही असा संदेश देते.

ॲक्शन्स पॅनेलच्या मेनूत प्लेबॅक ऑप्शन्समध्ये स्टेप बाय स्टेप निवडा आणि लेयर पॅनेल उघडं ठेवून चालवा. कुठे अडतं ते डोळ्यांनी दिसेल. सर्वांत नेहमीचं कारण क्रॉपचं असतं. ऑप्शन्स बारमध्ये डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स ही खूण नसेल तर क्रॉप केल्यावर बॅकग्राउंड नावाचा लेयर लेयर 0 होतो. पुढची पायरी बॅकग्राउंड या नावाचा लेयर शोधत असते, तो नसतो, ॲक्शन थांबते. सेटिंग्ज नव्याने आल्यावर ही खूण बदललेली असू शकते. खूण करा, पुन्हा चालवा. ती नेहमी चालू राहील याची खात्री नसेल, तर क्रॉपनंतर लेयर > फ्लॅटन इमेज ही एक पायरी मधे रेकॉर्ड करा.

क्रॉपचाच दुसरा भाग बघून घ्या. ऑप्शन्स बारमधल्या फिलच्या यादीत जनरेटिव्ह एक्स्पांड निवडलेलं राहिलं, तर क्रॉपची चौकट फोटोबाहेर नेऊन क्रॉप पक्का केला की प्रोग्राम इंटरनेटवरून नवा भाग तयार करू लागतो. पासपोर्ट फोटोत हे अजिबात चालणार नाही. तिथे बॅकग्राउंडचा मूळ पर्याय ठेवा.

पॅटर्न भरण्याच्या पायरीवर अडत असेल तर तो पॅटर्न नावाने शोधला जातोय आणि नव्या आवृत्तीत तो आलेलाच नाही. पॅटर्न इम्पोर्ट करा किंवा ती पायरी पुसून नव्याने रेकॉर्ड करा. चुकलेली पायरी कचऱ्याच्या डब्यात टाका, तिच्या आधीच्या पायरीवर क्लिक करा, रेकॉर्ड दाबा, ती कृती हाताने करा, थांबवा. पूर्ण ॲक्शन पुन्हा बनवायची गरज क्वचितच पडते. एक अपवाद: थ्रीडीच्या पायऱ्या असलेल्या ॲक्शन्स. ऑगस्ट 2021 च्या 22.5 पासून फोटोशॉपमधलं थ्रीडी टप्प्याटप्प्याने काढलं गेलं. थ्रीडी अक्षरांचे बॅनर त्यावर करत असाल तर त्या कामापुरती जुनी आवृत्ती ठेवणं हाच मार्ग आहे.

मराठी मजकूर

इथे चूक झाली तर पत्रिका छापून आल्यावरच कळते, म्हणून थोडा जास्त वेळ द्या.

पोस्टस्क्रिप्ट टाइप 1 फॉन्ट (पीएफबी आणि पीएफएम अशी फाइलची जोडी) फोटोशॉपमध्ये आवृत्ती 23 पासून चालत नाहीत, आणि ॲडोबीने त्यांचा आधार जानेवारी 2023 मध्ये सगळीकडेच थांबवला. जुने मराठी फॉन्ट ट्रूटाइप, म्हणजे टीटीएफ असतील तर ते युनिकोड (सगळीकडे चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत) नसले तरी चालतात. फक्त टाइप 1 च अडतात. अशी फाइल नव्या आवृत्तीत उघडल्यावर फॉन्ट नाही असं सांगितलं जातं. तेव्हा मजकुराला हात लावू नका आणि फॉन्ट बदलू देऊ नका. गैरयुनिकोड मजकुराचा फॉन्ट बदलला की नावांच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं येतात. ती फाइल जुन्या आवृत्तीत उघडा, एक प्रत करा, त्या प्रतीत टाइप > कन्व्हर्ट टू शेप करा आणि ती नव्या आवृत्तीत वापरा. कोणते फॉन्ट नाहीत ते टाइप > मॅनेज मिसिंग फॉन्ट्समध्ये दिसतं.

युनिकोड मराठीचा त्रास वेगळा. मुक्ता, मंगल, निर्मला यूआय किंवा नोटो सान्स देवनागरी लावूनही पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाते, रफार खाली उतरतो, जोडाक्षर पाय मोडून उभं राहतं. फॉन्ट निर्दोष असतो. तो मजकूर लॅटिन लिपीच्या मांडणीत अडकलेला असतो. मजकुराचा लेयर निवडा, पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत वर्ल्ड-रेडी लेआउट घ्या. आवृत्ती 23 च्या आधी प्रेफरन्सेस > टाइपमध्ये मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन हा पर्याय निवडून मग नवा मजकूर घ्यावा लागायचा. 23 पासून दोन्ही इंजिनं एक झाली, पण जुन्या फाइलमधला लेयर जुनीच मांडणी घेऊन येऊ शकतो, म्हणून प्रत्येक जुन्या लेयरवर हे वेगळं बघा.

तपासायला एकच ओळ टाइप करा: विद्यार्थ्यांच्या कर्तृत्वाची दुसऱ्या क्षणी निर्मिती. ‘र्थ्यां’चा रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढत नाहीत ना, ‘तृ’ तुटत नाही ना, ‘ऱ्या’चा अर्धा र नीट आहे ना, ‘क्ष’ सलग आहे ना आणि ‘नि’ची वेलांटी न च्या आधी आहे ना, इतकं बघितलं की पुरे.

कॅमेरा रॉ

रॉ फोटो उघडणाऱ्या या प्लगइनच्या आवृत्त्यांचे आकडे फोटोशॉपपेक्षा वेगळे असतात. जून 2020 च्या 12.3 मध्ये टॅबच्या जागी उजवीकडे उभी, उलगडणारी पॅनेल्स आली. सगळी एकदम उघडून खाली-वर करावं लागत असेल तर कुठल्याही पॅनेलच्या नावावर राइट क्लिक करून सिंगल पॅनेल मोड घ्या. ऑक्टोबर 2020 च्या 13.0 मध्ये स्प्लिट टोनिंगच्या जागी कलर ग्रेडिंग आलं. जुनी मूल्यं तिथल्या शॅडोज आणि हायलाइट्सच्या चाकांवर दिसतात. ऑक्टोबर 2021 च्या 14.0 मध्ये ब्रश, ग्रॅज्युएटेड आणि रेडियल फिल्टर ही वेगवेगळी बटणं जाऊन सगळं मास्किंग या एका चिन्हाखाली आलं. सिलेक्ट सब्जेक्ट आणि सिलेक्ट स्कायही तिथेच आहेत.

जुना रॉ फोटो उघडल्यावर स्लायडर वेगळे दिसत असतील तर कॅलिब्रेशन पॅनेलमध्ये प्रोसेस (रॉ फोटोवर प्रक्रिया करण्याच्या पद्धतीची आवृत्ती) कोणता आहे ते बघा. जुन्या फोटोला जुनाच प्रोसेस राहतो, आणि ते योग्यच आहे. तो नवा केला की रंग-उजेडात फरक पडू शकतो. ग्राहकाने आधी मंजूर केलेल्या अल्बमच्या फोटोंना त्यासाठी हात लावू नका.

नव्या टूल्सपैकी काय घ्यावं

रिमूव्ह टूल लगेच घ्या. वायरी, डाग, मंडपातला नको असलेला माणूस यांवर ते स्पॉट हीलिंगपेक्षा बरंच चांगलं चालतं. रिकामा लेयर घ्या, ऑप्शन्स बारमध्ये सॅम्पल ऑल लेयर्सची खूण करा आणि मग पुसा, मूळ फोटो तसाच राहतो. मोठी वस्तू पूर्ण रंगवायची गरज नाही, तिच्याभोवती रेघ पूर्ण मिटवली की आतला भाग धरला जातो.

जनरेटिव्ह फिलला इंटरनेट लागतं आणि ते क्रेडिट्स (वर्गणीसोबत मिळणारा वापराचा कोटा) खर्च करतं. 2023 मध्ये ते आलं तेव्हा एका वेळी तयार होणारा तुकडा 1024 पिक्सेलचा होता, आणि मोठ्या जागेवर ताणला की शेजारच्या फोटोपेक्षा मऊ दिसायचा. 12 × 36 इंचाच्या अल्बम पानावर वापरण्याआधी 100 टक्के झूमवर कडा तपासा. चेहऱ्यावर ते वापरू नका. नाक-डोळ्यांचा किंचितही फरक घरच्यांच्या लगेच लक्षात येतो.

तरीही बिघडलेलं असेल तर

पॅनेल काळी पडणं, ब्रश अडखळणं, मास्क उशिरा दिसणं यामागे बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्ड असतं. हेल्प > जीपीयू कम्पॅटिबिलिटीमध्ये काय लाल आहे ते बघा आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्या कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून नवा घ्या.

शेवटचा उपाय प्रेफरन्सेस रीसेट. ॲक्शन्सची एटीएन फाइल हाताशी आहे याची खात्री करा. प्रेफरन्सेस > जनरल > रीसेट प्रेफरन्सेस ऑन क्विट दाबा, फोटोशॉप बंद करून उघडा. त्यानंतर आधी वर्कस्पेस, मग फाइल हँडलिंग, मग ॲक्शन्स या क्रमाने बसवा. एका वेळी एकच गोष्ट आणा आणि प्रत्येकीनंतर एक खरी फाइल उघडून बघा, म्हणजे बिघाड कशातून येतो ते कळेल.

जुनी आवृत्ती काढण्याची घाई करू नका. नव्या आवृत्तीत एक पूर्ण लग्नाचा अल्बम, एक पासपोर्ट शीट, एक फ्लेक्स आणि एक मराठी पत्रिका, ही चारही कामं सुरुवातीपासून लॅबमधल्या प्रिंटपर्यंत जाऊ द्या. थ्रीडी आणि टाइप 1 फॉन्टच्या जुन्या फाइली शोधून त्यांच्या प्रती करून ठेवा. मग जुनी आवृत्ती क्रिएटिव्ह क्लाउडमधूनच अनइन्स्टॉल करा, आणि तिथे प्रेफरन्सेस काढायचे का असं विचारलं तर ठेवायला सांगा.